खाडी बंद ठेवण्याचं शास्त्र

तिसऱ्या घेताना बाजारात जी पारख चालते ती सगळी जिवंतपणाची पारख असते. शिंपा घट्ट मिटलेल्या हव्यात. उघडी पडलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी बाजूला काढायची. घरी आणल्यावर रेती सोडण्यासाठी पाण्यात ठेवायच्या, दोन-तीनदा पाणी बदलायचं, शिजवताना जी तोंड उघडणार नाही ती टाकून द्यायची. हे सगळं शहाणपणाचं आहे आणि पाळायलाच हवं. मेलेली, सडू लागलेली शिंपली त्यामुळे ताटात येत नाही. पण शिंपल्यांतून होणाऱ्या विषबाधेचा एक प्रकार असा आहे की त्यात शिंपली ताजी असते, भरलेली असते, चवीला उत्तम असते, आणि तरीही खाणाऱ्याला तासाभरात इस्पितळ गाठावं लागतं. तिथे कोळणीची नजर, सुगरणीचा हात आणि आजीचा अनुभव यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती एकच गोष्ट: शिंपली पाण्यात असतानाच तिची तपासणी करायची आणि विष निघालं तर ती खाडी तेवढ्यापुरती बंद करायची.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात हे करायला जगाला दोनशे वर्षं लागली, आणि आपल्या किनाऱ्यावर ते अजून धडपणे सुरू झालेलं नाही.

या यंत्रणेची सगळ्यात कडक परीक्षा कॅनडात झाली. १९८७ च्या नोव्हेंबरअखेरीला क्वेबेक आणि न्यू ब्रन्सविक या प्रांतांतल्या इस्पितळांत काही विचित्र रोगी येऊ लागले. उलट्या, पोटात मुरडा, जुलाब ही लक्षणं नेहमीचीच. पण काहींचं डोकं असह्य दुखत होतं, काहींना झटके येत होते, आणि काहींना काल काय घडलं हे आठवत नव्हतं. सगळ्यांनी शिनाणे म्हणजे मसल्स खाल्ले होते, आणि ते सगळे शिनाणे प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटाच्या पूर्वेकडच्या कार्डिगन उपसागराच्या परिसरातून आले होते. तिथे दोऱ्यांना लोंबकळत ठेवून शिनाण्यांची शेती चालते. माल स्वच्छ आणि नावाजलेला. शेवटी नोंद झालेल्या बाधितांची संख्या १०७ भरली. १९ जणांना इस्पितळात ठेवावं लागलं, त्यांतल्या १२ जणांना अतिदक्षता विभागात. तीन जण दगावले. बचावलेल्या काहींची बुद्धी शाबूत होती, बोलणं-चालणं ठीक होतं, फक्त नवीन आठवण मेंदूत टिकत नव्हती. म्हाताऱ्या माणसांना याचा फटका जास्त बसला.

शिनाण्यांची नेहमीची चाचणी तेव्हा उंदरांवर होत असे. शिनाण्यांचा अर्क काढायचा, उंदराला टोचायचा आणि तो कसा मरतो ते पाहायचं. ओळखीच्या विषाने उंदीर लुळा पडून श्वास कोंडून मरतो. या वेळी उंदीर आधी मागच्या पायाने खांदा खाजवत बसले, मग त्यांना झटके आले, आणि मग ते मेले. चाचणी करणाऱ्यांच्या लक्षात आलं की हे आपलं जुनं विष नव्हे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारने अटलांटिक किनाऱ्यावरच्या शिंपलीवर्गीय मालाची विक्री थांबवली आणि हॅलिफॅक्स इथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस शोध सुरू झाला. पद्धत सरळ होती. अर्काचे दोन भाग करायचे, दोन्ही उंदरांना टोचायचे. ज्याने उंदीर मरतो तो भाग ठेवायचा, त्याचे पुन्हा भाग करायचे. असं करत करत १०४ तासांत म्हणजे साडेचार दिवसांच्या आत ते एका रसायनापाशी पोचले. ते होतं डोमोइक आम्ल.

आश्चर्य असं की हे रसायन अनोळखी नव्हतं. जपानमध्ये एका लाल समुद्रशैवालातून ते पूर्वीच वेगळं केलेलं होतं, आणि ते शैवाल तिथे पोटातल्या जंतांवर औषध म्हणून देत असत. मग कॅनडाच्या शिनाण्यांत ते आलं कुठून? शिनाण्यांची आतडी उघडून पाहिली तर ती सूक्ष्मदर्शकाखाली लांबट सुयांसारख्या दिसणाऱ्या एका डायटमने गच्च भरलेली होती; आज त्या कुळाला स्यूडो-निट्झिया म्हणतात. डायटम हे समुद्राचं गवत. त्यावर सारी मासळी जगते. डायटम माणसाला मारू शकणारं विष तयार करतो हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे कॅनडाकडे तपासणीची यंत्रणा होती, नियमित चाचण्या होत होत्या, पण जे विष कुणी शोधतच नव्हतं ते आलं. तरीही यंत्रणा होती म्हणूनच ते पकडलं गेलं, कारण उंदीर वेगळ्या पद्धतीने मेला हे ओळखायला आधी नेहमीच्या पद्धतीने मेलेले शेकडो उंदीर पाहिलेला माणूस लागतो.

शिनाणे, कालवं, तिसऱ्या हे सगळे जीव पाणी गाळून जगतात. एक मध्यम आकाराचं शिनाणं तासाला दोन-तीन लिटर पाणी सहज गाळतं आणि त्यातले सूक्ष्म वनस्पतीप्लवक खातं. हजारो प्लवक-जातींपैकी मोजक्याच विषारी. पण हवामान, वारा, नदीतून आलेली खतं आणि पाण्याचे थर जुळून आले की त्यांचा बहर येतो, आणि मग शिंपलीच्या पोटात विष साठत जातं. शिंपलीला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही. ही विषं उष्णतेला दाद देत नाहीत. उकळा, तळा, वाफवा, गोठवा. जंतू मरतील, विष राहील. कोकमाने ते उतरत नाही. एका रात्रीत पाणी बदलून रेती जाते, पेशींत मुरलेलं विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळी पडते वगैरे कसोट्या जगभरच्या किनाऱ्यांवर सांगितल्या जातात. त्यांतली एकही खरी नाही.

डोमोइक आम्लाने स्मृती जाते. ओकाडाइक आम्ल नावाचं दुसरं विष नुसते जुलाब लावतं; ते १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकेशी यासुमोतो यांनी डायनोफायसिस नावाच्या प्लवकाशी जोडून दाखवलं. १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये काही लोक आयर्लंडचे शिनाणे खाऊन आजारी पडले तेव्हा अझास्पायरॅसिड हे आणखी एक विष सापडलं, आणि ते तयार करणारा अतिसूक्ष्म जीव हाती लागायला पुढे दहा-बारा वर्षं गेली. या सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत जीवघेणं मात्र सॅक्सिटॉक्सिन.

त्याने होणाऱ्या मृत्यूची एक जुनी नोंद १७९३ च्या जूनमधली आहे. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतल्या खलाशांनी आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर सकाळी न्याहारीला शिनाणे भाजून खाल्ले. थोड्याच वेळात ओठ आणि बोटं बधिर झाली. जॉन कार्टर हा खलाशी दुपारपर्यंत मेला. कॅप्टनने त्या जागेला कार्टर बे आणि जवळच्या खाचेला पॉयझन कोव्ह अशी नावं दिली. नकाशावर ती आजही आहेत. हे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग बुजवतं, त्यामुळे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. ओठांना मुंग्या, मग हातपाय जड, मग छातीचा भाता थांबतो. रोगी बहुतेक वेळा शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. उतारा नाही. एखादा-दोन मिलीग्रॅम प्रौढ माणसाचा जीव घ्यायला पुरतो. अमेरिकेच्या गुप्तचर खात्याला हे विष उपयोगाचं वाटलं यात नवल नाही: १९६० मध्ये सोव्हिएत संघात पाडल्या गेलेल्या यू-टू विमानाच्या वैमानिकाकडे चांदीच्या डॉलरमध्ये लपवलेली जी सुई होती, तिला सॅक्सिटॉक्सिन लावलेलं होतं. रासायनिक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारात ते आज पहिल्या यादीत आहे. त्याचा एक त्रास असा की शिंपल्या तपासणाऱ्या साध्यासुध्या प्रयोगशाळेलाही मापासाठी लागणारा शुद्ध नमुना मागवताना परवान्यांच्या कागदांतून जावं लागतं.

१९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात शिनाणे खाऊन १०२ जण आजारी पडले, सहा मेले. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हर्मन सॉमर आणि कार्ल मेयर यांनी विषाचा उगम समुद्रातल्या प्लवकात आहे हे दाखवलं आणि १९३७ मध्ये उंदरावरची चाचणी प्रमाणबद्ध केली. २० ग्रॅम वजनाच्या उंदराला १५ मिनिटांत मारेल इतकं विष म्हणजे एक ‘माऊस युनिट’. हे माप कच्चं वाटेल, पण त्याने सत्तरएक वर्षं जगभरच्या शिंपल्या तपासल्या. कॅलिफोर्नियाने आणखी एक ढोबळ पण परिणामकारक उपाय केला: दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर हौशी लोकांनी किनाऱ्यावरचे शिनाणे काढून खायचे नाहीत, विष असो वा नसो.

कायद्यातला आकडा मात्र कसा ठरतो, हे पाहण्यासारखं आहे. सॅक्सिटॉक्सिनची जगभर मान्य मर्यादा आहे किलोभर शिंपलीच्या मांसामागे ८०० मायक्रोग्रॅम. हा आकडा आला कुठून? काही प्रमाणात रोग्यांच्या अनुभवातून, आणि बऱ्याच प्रमाणात उंदरातून. उंदराला सुमारे ४०० मायक्रोग्रॅमच्या खालचं विष कळतच नाही. कायद्याने त्याच्या दुप्पट रेघ ओढली, म्हणजे जे खात्रीने मोजता येईल तेवढं नियमात बसवलं. २००९ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नव्याने हिशेब मांडला. एखादा माणूस एका बैठकीत ४०० ग्रॅम शिंपल्या खातो असं धरलं, तर किलोमागे ७५ मायक्रोग्रॅमच्या वर विष असू नये असं त्यांचं उत्तर आलं. म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. कायद्यातला आकडा तरीही ८०० च राहिला, कारण त्या आकड्यावर चालणाऱ्या व्यवस्थेत माणसं मरत नाहीत असा अनेक दशकांचा अनुभव आहे, आणि तो दहापट खाली आणला तर कितीतरी खाड्या वर्षातला मोठा काळ बंद राहतील. सुरक्षिततेची मर्यादा हा नुसता शास्त्राचा निष्कर्ष नसतो. त्यात मोजण्याची ऐपत आणि शेतकऱ्याचं पोट हेही धरलेलं असतं. यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते माहीत असावं.

डोमोइक आम्लाचा आकडा त्यामानाने रोग्यांच्या ताटातून आला. कॅनडात बाधितांच्या घरी उरलेले शिनाणे तपासले, कोणी किती खाल्ले ते विचारलं. १५-२० मिलीग्रॅम पोटात गेलेल्याला काही झालं नव्हतं. ६० मिलीग्रॅमपासून पुढे त्रास सुरू. मेंदूवर गंभीर परिणाम झाले ते १३५ मिलीग्रॅमच्या पुढे. त्यावरून किलोमागे २० मिलीग्रॅम ही मर्यादा ठरली. पावकिलो मांस खाल्लं तर पोटात पाच मिलीग्रॅम जातं. सुरक्षित अंतर बऱ्यापैकी. जगाने हाच आकडा उचलला.

आता रोजचं काम कसं चालतं ते आयर्लंडच्या उदाहरणावरून पाहू, कारण तिथली व्यवस्था खुली आहे. शिनाणे आणि कालवं यांची शेती ज्या ज्या खाडीत आहे तिथून हंगामात दर आठवड्याला शिंपल्यांचा नमुना मरीन इन्स्टिट्यूटकडे जातो. सोबत पाण्याचाही नमुना जातो आणि त्यातले विषारी प्लवक मोजले जातात. पाण्याचा नमुना ही पूर्वसूचना. निकाल मांसाच्या चाचणीवर ठरतो. मर्यादा ओलांडली की खाडी बंद. ही माहिती जाहीर असते, कोणीही पाहू शकतो. बंद करायला एक वाईट निकाल पुरतो, पण उघडायला लागोपाठ दोन चांगले निकाल लागतात आणि त्यांच्यात किमान ४८ तासांचं अंतर लागतं. हा युरोपचा नियम आहे आणि मला तो फार शहाणा वाटतो. शंका आली तर ताबडतोब थांबायचं, खात्री झाली तरी जरा रेंगाळायचं. शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थातच तो छळ असतो. बंद खाडीतले शिनाणे मरत नाहीत, सडत नाहीत, विष ओसरलं की पुन्हा विकता येतात. पण ख्रिसमसची मागणी थांबून राहत नाही.

कोणती शिंपली तपासायची यालाही महत्त्व आहे. शिनाणे विष पटकन साठवतात आणि काही आठवड्यांत सोडूनही देतात, म्हणून पहिली चाहूल घ्यायला ते उत्तम. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची बटर क्लॅम ही मोठी शिंपली मात्र सॅक्सिटॉक्सिन दोन-दोन वर्षं धरून ठेवते. म्हणजे पाणी स्वच्छ, शिनाणे स्वच्छ, आणि शेजारच्या वाळूतली शिंपली विषारी, असं होऊ शकतं. पाण्याच्या रंगावर तर मुळीच भरवसा ठेवू नये. रेड टाईड या नावामुळे लोकांना वाटतं की पाणी लाल झालं की धोका. एका लिटर पाण्यात डायनोफायसिसच्या काहीशे पेशी असल्या तरी शिनाणे मर्यादेबाहेर जातात, आणि इतक्या पेशींनी पाण्याचा रंग बदलत नाही. उलट २०२० च्या नोव्हेंबरात जुहूच्या किनाऱ्यावर रात्री ज्या निळ्या लाटा पाहायला गर्दी झाली, त्या चमकवणारा नॉक्टिल्यूका हा प्लवक या विषारी जातींतला नाही. तो शिंपल्यांतून माणसाला बाधणारं विष तयार करत नाही. हैदराबादचं इन्कॉईस हे समुद्रमाहिती केंद्र उपग्रहावरून शैवालबहराची माहिती देतं, ती मच्छीमारांना उपयोगी आहे. पण उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, विष दिसत नाही.

दर आठवड्याला तपासूनही चूक होते. २०१३ च्या जुलैत शेटलंड बेटांवरून आलेले शिनाणे खाऊन आग्नेय इंग्लंडमध्ये ७० च्या आसपास लोक जुलाबांनी बेजार झाले. नंतर अभ्यास झाला तेव्हा कारण सापडलं वाऱ्यात. जोरदार वाऱ्याने बाहेरच्या समुद्रातलं वरच्या थराचं पाणी, त्यातल्या डायनोफायसिससह, खाड्यांमध्ये ढकललं आणि काही दिवसांत शिनाण्यांचं विष अनेकपट वाढलं. दोन नमुन्यांच्या मधल्या दिवसांत माल काढला गेला. यातून धडा असा घेतला गेला की सरकारी नमुना ही व्यवस्थेची शेवटची भिंत समजायची नाही. माल विकणाऱ्यानेही आपली चाचणी करायची आणि वाऱ्याच्या अंदाजाकडे लक्ष ठेवायचं. युरोपच्या कायद्यात ही जबाबदारी विक्रेत्यावर आहेच.

चाचणीच्या पद्धती दरम्यान बदलल्या. जुलाबांच्या विषांसाठी युरोपने २०१५ पासून उंदीर वापरणं जवळजवळ संपवलं आणि रसायनं वेगळी करून वजनावरून ओळखणारी यंत्रं आणली. सॅक्सिटॉक्सिनसाठी २०१९ पासून रासायनिक पद्धतच आधारभूत मानली जाते. उंदरांचे हाल थांबले हे चांगलंच. फक्त कॅनडातली गोष्ट इथे आठवते. यंत्र ज्या रेणूचा शोध घ्यायला सांगितलं असेल तोच शोधतं. अनोळखी विष आलं तर यंत्र स्वच्छ निकाल देईल. उंदीर मरून सांगत होता की काहीतरी चुकलंय. म्हणून पाण्यातल्या प्लवकांकडे पाहणारा, सूक्ष्मदर्शकावर बसणारा माणूस अजूनही लागतो. हॅलिफॅक्सची ती प्रयोगशाळा आज जगभरच्या यंत्रांना लागणारे प्रमाणित नमुने तयार करते.

आयर्लंड किंवा कॅनडाचा माल तपासून बाजारात येतो. पण बाजारात न येणाऱ्या शिंपल्यांचं काय? ओहोटीला स्वतः जाऊन काढणारे, त्याच संध्याकाळी शिजवून खाणारे लोक जगभर आहेत, आणि सॅक्सिटॉक्सिनचे मृत्यू आज प्रामुख्याने त्यांच्यात होतात. अलास्कात विक्रीचा माल तपासला जातो, घरच्यासाठी काढलेला नाही. तिथल्या आदिवासी समाजांसाठी शिंपल्या हे हजारो वर्षांचं अन्न आहे. शेवटी सिटका जमातीने स्वतःची प्रयोगशाळा काढली, आणि इतर जमातींनी पाठवलेले नमुनेही ती तपासते.

आपल्याला जवळचं उदाहरण फिलिपाईन्सचं आहे. उष्ण कटिबंध, गरीब किनारा, शिंपल्यांवर जगणारी गावं. १९८३ मध्ये सामार बेटाच्या परिसरात पायरोडिनियम या प्लवकाचा बहर आला आणि तेव्हापासूनच्या वीस वर्षांत तिथे शंभराहून जास्त मृत्यू झाले. त्यावर त्या देशाने जे केलं ते अगदी साधं आहे. मत्स्यखातं ठरावीक काळाने पत्रक काढतं. त्यात उपसागरांची नावं असतात: इथल्या कोणत्याही शिंपल्या आणि जवळा खाऊ नका; मासे, कोळंबी, खेकडे चालतील, पण ताजे घ्या, नीट धुवा, आतडी-कल्ले काढून टाका. वर्तमानपत्रं ते छापतात. त्यांनी मर्यादाही जगापेक्षा कडक ठेवली आहे, किलोमागे ६०० मायक्रोग्रॅम. चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने किरणोत्सारी खूण लावलेलं सॅक्सिटॉक्सिन वापरणारी पद्धत बसवली. श्रीमंत देशाचं तंत्रज्ञान आणि गावकीची दवंडी, दोन्ही एकत्र.

भारतात हे घडलेलंच नाही असं समजण्याचं कारण नाही. १९८१ मध्ये तमिळनाडूत वायलूर इथे तिसऱ्यांच्याच जातीच्या शिंपल्या खाऊन ८५ जणांना इस्पितळात न्यावं लागलं, तीन जण मेले. १९८३ मध्ये मंगळुरूजवळ कुंबळेच्या खाडीतल्या शिंपल्यांनी बाधा झाली आणि एक मुलगा दगावला. मंगळुरूच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी ते सॅक्सिटॉक्सिनच्या कुळातलं विष असल्याचं नोंदवलं. आणि १९९७ च्या सप्टेंबरात केरळमध्ये विळिंजम इथे तपकिरी शिनाणे खाऊन सात मृत्यू झाले, पाचशेच्या आसपास लोक इस्पितळात गेले. डायनोफायसिस आणि स्यूडो-निट्झिया ही कुळं आपल्या किनाऱ्यावरच्या पाण्यात नोंदलेली आहेत. कुंबळे ते गोवा हे अंतर समुद्राच्या दृष्टीने काहीच नाही.

नियम कागदावर आहेत. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिंपलीवर्गीय मालासाठी या विषांच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत आणि त्या जगाशी जुळणाऱ्या आहेत. युरोपला माल पाठवायचा तर ज्या पाण्यातून तो काढला ते पाणी आधी तपासलेलं आणि वर्ग ठरवलेलं असावं लागतं, त्याशिवाय माल तिथे उतरत नाही. प्रश्न मालवणच्या, रत्नागिरीच्या, शापोऱ्याच्या आपल्या माणसाचा आहे. उधाणाच्या ओहोटीला बायका खाडीत उतरतात, कमरेइतक्या पाण्यात बसून हाताने चाचपून तिसऱ्या, मुळे काढतात, खडकावरची कालवं कोयत्याने सुटी करतात, काही घरी ठेवतात आणि उरलेल्या बाजारात वाट्याने विकतात. त्या वाट्यावर कुठल्या खाडीचं नाव नसतं, तारीख नसते. एखाद्या खाडीत विष निघालं असं समजा कळलं, तरी त्या खाडीचा माल आज कोणकोणत्या बाजारात गेला हे सांगता येणार नाही. मर्यादेचा आकडा राजपत्रात छापून ही अडचण सुटत नाही, कारण कायद्याने ताटातली शिंपली तपासायचं ठरवलं तर दारोदार प्रयोगशाळा लागतील. खाडी तपासायची ठरवली तर मोजक्या जागा पुरतात.

सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी कांदळवन कक्षाच्या मदतीने कालवं आणि शिनाण्यांची शेती सुरू केली. सुरुवात करायला ही जागा मला योग्य वाटते. शेती म्हटली की जागा ठरलेली, माल काढायची तारीख ठरलेली, विकणाऱ्याचं नाव ठरलेलं. तिथल्या दोऱ्यांवरचे चार शिनाणे दर पंधरवड्याला प्रयोगशाळेत गेले तर त्या गटाच्या मालाला विश्वासाचा भाव मिळेल आणि आजूबाजूच्या खाडीलाही पहारा मिळेल. दोना पावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे. प्लवक ओळखणारी माणसं आपल्याकडे आहेत. खरी उणीव आहे ती निकाल लोकांपर्यंत पोचवण्याच्या सवयीची. मत्स्यव्यवसाय खात्याने जेटीवर एक फळा लावला, त्यावर खाडीचं नाव, तपासणीची तारीख आणि ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढा एक शब्द लिहिला, तरी काम होईल. बंद काळात काढणाऱ्या बायकांना भरपाई कोण देणार हे आधीच ठरलेलं हवं, नाहीतर तो फळा पहिल्याच आठवड्यात पाण्यात जाईल.

तोवर वाचकांनी एवढं करावं. शिंपल्या घेताना कुठल्या खाडीच्या ते विचारा. पाण्याचा रंग बदललेला असेल, मासे मरून वर आले असतील तर त्या भागातल्या शिंपल्या काही आठवडे टाळा. मात्र पाणी निवळ दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. शिंपल्या खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठांना, जिभेला मुंग्या आल्या, बोटं बधिर वाटली, तर लिंबूपाणी, ताक, घरगुती उतारे यांत वेळ घालवू नका. कृत्रिम श्वासाची सोय असलेलं इस्पितळ गाठा आणि शिंपल्या खाल्ल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. श्वास चालू ठेवला तर एका दिवसात धोका बहुधा टळतो. त्याच जेवणाला बसलेल्या बाकीच्यांवरही लक्ष ठेवा. आणि पातेल्यात उरलेल्या शिंपल्या फेकू नका. त्या डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि अन्न प्रशासनाला कळवा, कारण विष कोणतं आणि खाडी कोणती हे त्या उरलेल्या शिंपल्यांवरूनच कळेल.